राखेचं पाणी, पानाचा चुना आणि घरचा साबण

लाकडाची राख पाण्यात भिजवायची, पाणी गाळायचं, त्यात तेल घालून उकळायचं, की साबण तयार. इतकी सुटसुटीत कृती ऐकली की करून बघावंसं वाटतंच. पण करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पातेल्यात तासन्‌तास आच दिल्यावरही खाली चहाच्या रंगाचं पाणी आणि वर तेलाचा तवंग एवढंच उरतं. मग कोणी म्हणतं राख चांगली नव्हती, कोणी म्हणतं पाणी पावसाचं हवं होतं. खरं कारण बहुधा वेगळंच असतं. राखेच्या पाण्यात जो क्षार उतरतो, तो तेलाचा साबण करण्याइतका तिखट नसतो. त्याला तिखट करायला चुना लागतो. पानाच्या टपरीवर मिळतो तोच. सांगोवांगी पुढे आलेल्या कृतीतून नेमकी ही पायरी गळून गेली आहे.

आधी राखेत काय असतं ते पाहू. झाड मुळांवाटे पाण्याबरोबर खनिजं ओढून घेतं. लाकूड पेटलं की त्यातला जवळजवळ सगळा भाग धूर, वाफ आणि वायू होऊन निघून जातो. खनिजं तेवढी मागे राहतात, आणि तीच राख. तिच्यात सगळ्यात मोठा वाटा कॅल्शियमचा असतो, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, म्हणजे खडूच्या जातीचा पदार्थ. शिवाय थोडं मॅग्नेशियम, सिलिका, फॉस्फरस. आपल्याला हवं ते पोटॅशियम यातच असतं, बहुतांश पोटॅशियम कार्बोनेट म्हणून, काही सल्फेट आणि क्लोराइड म्हणून. कॅल्शियमचे पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत, पोटॅशियमचे विरघळतात. त्यामुळे राखेवर पाणी ओतलं की पोटॅशियम पाण्याबरोबर उतरतं आणि बाकीचा गाळ मागे राहतो.

हिशोब मात्र गरिबीचा आहे. लाकडाच्या वजनाच्या साधारण एक टक्का राख मिळते, पुष्कळदा त्याहूनही कमी. चांगल्या कठीण लाकडाच्या राखेतही विरघळणारा भाग दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे शंभर किलो लाकूड जाळलं तर किलोभर राख, आणि त्यातून शंभरेक ग्रॅम क्षार. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत जंगलं तोडून शेतं काढणारे लोक याच राखेचा क्षार विकून रोख पैसा करत. अमेरिकेतलं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, सॅम्युअल हॉपकिन्स यांना याच कामासाठी मिळालं होतं. त्यांची युक्ती अशी, की पाणी ओतण्याआधी राख भट्टीत पुन्हा एकदा भाजायची. त्यानं राखेतला उरलासुरला कोळसा जळून जातो आणि क्षार जास्त आणि स्वच्छ उतरतो. घरीसुद्धा काळपट राख लोखंडी कढईत पुन्हा तापवून घेतली तर फरक दिसतो.

आता तेलाकडे. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनचा छोटा कणा आणि त्याला जोडलेली तीन लांब मेदाम्लं. ही मेदाम्लं कण्यापासून तोडायची आणि सोडियमशी किंवा पोटॅशियमशी जोडायची, की साबण झाला. ग्लिसरीन मोकळं होऊन बाजूला राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल यांनी हे प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होते, पण आत काय घडतं याचा पत्ता नव्हता.

या सगळ्यात महत्त्वाचं काम तोडण्याचं, आणि ते हायड्रॉक्साइड करतं. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक पोटॅश म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. राखेच्या पाण्यात असतं ते कार्बोनेट. तेही अल्कधर्मी आहे, बोटांना बुळबुळीत लागतं, हात खरखरीत करतं. पण त्याच्या पाण्यात मोकळं हायड्रॉक्साइड अगदी थोडं असतं. आधीच सुटी झालेली मेदाम्लं कार्बोनेट पटकन पकडतं आणि त्यांचा साबण करतं. कण्याला घट्ट जोडलेली मेदाम्लं तोडणं मात्र त्याला जवळजवळ जमत नाही.

एवढं कळलं की बऱ्याच जुन्या गोष्टींचा उलगडा होतो. राखेनं घासलं की तेलकट भांडं का निघतं? राखेचा खरखरीतपणा आहेच, शिवाय भांड्याला चिकटलेल्या खरकट्या तेलात काही मेदाम्लं सुटलेली असतात, त्यांचा तिथल्या तिथे थोडा साबण होतो. पुन्हा पुन्हा तळून काळं पडलेलं तेल राखेच्या पाण्यात उकळलं तर थोडाफार फेस का येतो, आणि घाण्याच्या ताज्या तेलाला काहीच का होत नाही? कारण तेच. तळून तळून तेलातली मेदाम्लं सुटी होत जातात.

आमच्या इंदूरच्या सुदामानगरातल्या एका काकूंनी हे ऐकून लगेच विचारलं, "अहो, पण अमेरिकेतल्या जुन्या बायका तर नुसत्या राखेवर साबण करायच्या म्हणे, तो कसा व्हायचा?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याची उत्तरं दोन आहेत. एक, त्यांच्या राखेच्या पिंपात तळाशी बरेचदा चुन्याचा थर दिलेला असायचा. दोन, खूप कडक आचेत राखेतलं कॅल्शियम कार्बोनेट भाजून त्याचा कळीचा चुना होतो. अशा ताज्या राखेत चुना आतच असतो, पाणी पडलं की तो काम सुरू करतो. तीच राख महिनाभर उघड्यावर राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा परत खडू होतो. म्हणून एकाच घरात एकदा साबण जमतो आणि पुढच्या खेपेला जमत नाही.

चुन्याची ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार करण्याच्या विधीचा आहे. हा क्षार साबणासाठी नाही, व्रण आणि गाठी जाळून काढण्यासाठी, म्हणजे शल्यकर्मासाठी. पण कृती रसायनाच्या दृष्टीनं नेमकी आपलीच आहे. झाडांची राख सहापट पाण्यात किंवा मूत्रात कालवायची, एकवीस वेळा गाळायची, मग आटवताना त्यात भाजलेल्या चुनखडीचे आणि शंखशिंपल्यांचे लाल तापवलेले तुकडे कुटून घालायचे. हे तुकडे घातले तर क्षार मध्यम, न घालता नुसता आटवला तर मृदू, आणि वर काही औषधी वनस्पती घातल्या तर तीक्ष्ण. तयार क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवायचा, असंही तिथे सांगितलं आहे. लोखंडाला हा क्षार खात नाही, आणि तोंड उघडं राहिलं तर हवा लागून तो पुन्हा मृदू होतो. मृदू आणि तिखट क्षारातला फरक चुन्यामुळे पडतो, हे ज्यानं ओळखलं त्याला माझा नमस्कार.

आता चुना नेमकं काय करतो? भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो राखेच्या पाण्यात गेला की अदलाबदल होते. चुन्यातलं कॅल्शियम जाऊन कार्बोनेटला मिळतं, पोटॅशियमच्या वाट्याला हायड्रॉक्साइड येतं. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळतच नाही, पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं, त्यामुळे ही अदलाबदल एकाच दिशेनं पुढे सरकत राहते. वरच्या नितळ पाण्यात राहतो तो कॉस्टिक पोटॅश. वजनात सांगायचं तर शंभर ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटला चोपन्न ग्रॅम कोरडा भिजवलेला चुना लागतो आणि एक्याऐंशी ग्रॅम कॉस्टिक पोटॅश मिळतो.

राख कुठली घ्यायची

इंदुरात राख मिळवणं आता पूर्वीइतकं सोपं नाही. चुली गेल्या, बंब गेले. तरी दाल-बाफल्यांची पंगत कुठे ना कुठे असतेच, आणि बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, कंड्यांवर भाजलेले असतात. पण कंड्यांची राख, म्हणजे गोवऱ्यांची, आपल्या कामाला हलकी. तिच्यात मातीचा आणि सिलिकाचा भाग मोठा, पोटॅशियम थोडं. भाताच्या तुसाची राख तर जवळजवळ सगळी सिलिकाच, ती सोडूनच द्या. दगडी कोळशाच्या राखेचा काही उपयोग नाही. लाकडी कोळशाची राख चालते, कारण लाकडातली खनिजं कोळशात तशीच राहिलेली असतात. बाभूळ, आंबा, कडुलिंब, चिंच, अशा कठीण लाकडांची पांढरी, हलकी, कोरडी राख सगळ्यात बरी.

होळीची राख मोफत आणि भरपूर मिळते म्हणून मोह होतो. राजवाड्यासमोरच्या होळकरी परंपरेच्या होळीबद्दल मी बोलत नाही, पण कॉलनीतल्या होळीत काय काय पडतं ते आपण बघतोच: रंग दिलेली खिडकी, प्लायवूडचे तुकडे, सनमायका, हारांतले प्लॅस्टिकचे धागे. रंगांत आणि लाकूड टिकवण्याच्या रसायनांत शिसं, तांबं, आर्सेनिक असू शकतं, आणि ते जळून नाहीसं होत नाही, राखेत उतरतं. अंगाला लावायच्या वस्तूत ते नको. भांडी घासायच्या साबणातही नको.

माझी स्वतःची पसंती केळीला आहे. केळीचा खांब, देठ, साली यांत पोटॅशियम भरपूर असतं. आसामात केळीच्या राखेचा खार काढून स्वयंपाकात वापरतात. आपल्याकडे बऱ्हाणपूर म्हणजे केळीचं आगर, घड उतरवल्यावर खांबांचं काय करायचं हा तिथल्या शेतकऱ्यांपुढचा प्रश्नच असतो. खांबात पाणी फार, त्यामुळे चिरून उन्हात कडक वाळवल्याशिवाय तो जळत नाही. पण राख हाती आली की लाकडाच्या राखेपेक्षा कमी मापात जास्त क्षार देते. सत्यनारायणाच्या पूजेनंतरचे खांब वाळवून ठेवायला काहीच हरकत नाही.

पाणी काढणं

राख चाळून घ्यायची, कोळशाचे तुकडे काढायचे. प्लॅस्टिकच्या बादलीला तळाशी बारीक भोकं पाडून ती दुसऱ्या बादलीवर ठेवायची. तळाशी खडे, त्यावर गव्हाचं काड किंवा नारळाची शेंडी, त्यावर सुती कापड, वर राख दाबून. मग कढत पाणी थोडं थोडं ओतायचं, एकदम नाही. राख आधी भिजते आणि मगच खालून थेंब पडू लागतात. पहिलं पाणी सगळ्यात दाट, पुढचं पातळ होत जातं. पातळ पाणी फेकायचं नाही, ते नव्या राखेवर ओतायचं.

पावसाच्याच पाण्याचा आग्रह मला थोडा अवाजवी वाटतो. इंदूरच्या बोअरचं पाणी काळ्या बसाल्ट खडकातून येतं, जड असतं, हे खरं. पण पाणी जड करणारं कॅल्शियम राखेतल्या कार्बोनेटला भेटलं की खडू होऊन खाली बसतं. धुण्याचा सोडा जड पाणी मऊ करतो तेही याच रीतीनं. त्यात क्षार खर्च होतो तो दाट पाण्याच्या मानानं अगदी किरकोळ. नळाचं नर्मदेचं पाणी या कामाला पुरेसं आहे. पाण्याचा जडपणा खरा नडतो तो पुढे, साबण वापरताना. जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी बादलीच्या कडेला चिकट पांढरी साय धरते.

भांड्यांच्या बाबतीत मात्र आग्रह धरायलाच हवा. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. क्षार ते खातो, भांड्याला भोक पडू शकतं आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. कल्हईची पितळी भांडीही नकोत, कल्हई जाते. स्टेनलेस स्टील किंवा लोखंड घ्यावं. आणि जे भांडं या कामाला घेतलं ते परत स्वयंपाकात आणू नये.

चुना घालणं

चुना ताजा हवा. पानाचा चुना पाण्यात कालवलेला आणि झाकलेला असतो, म्हणून चांगला, फक्त त्यात पाण्याचं वजन बरंच असतं हे लक्षात ठेवून जास्त घ्यायचा. रंगकामासाठी आणून दोन पावसाळे माळ्यावर पडलेली चुन्याची पुडी निरुपयोगी, तिचा केव्हाच खडू झालेला असतो. कळीचा चुना आणला तर आधी वेगळ्या भांड्यात भरपूर पाण्यात थोडा थोडा टाकून विझवायचा. तो खदखदतो, वाफ मारतो, चटका बसण्याइतका तापतो. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही.

किलोभर राखेच्या पाण्याला ऐंशी ते शंभर ग्रॅम कोरडा चुना पुरून उरतो. जास्त झालेला चुना फारसा बिघाड करत नाही, लीटरभर पाण्यात तो दीड-दोन ग्रॅमच विरघळतो, बाकी गाळात जातो. राखेचं पाणी उकळत ठेवून चुना घालायचा आणि अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ढवळत राहायचं. इथे एक गोष्ट मनासारखी वाटत नाही पण पाळावी लागते: पाणी आधी आटवून दाट करायचं नाही. फार दाट पाण्यात ही अदलाबदल मध्येच थांबते. साधारण दहा टक्क्यांच्या आसपास क्षार असलेलं पाणी बरं. आटवायचं असेल तर चुन्याचं काम पूर्ण झाल्यावर, गाळ बसवून, वरचं नितळ काढून घेऊन मग आटवावं.

गाळ बसायला रात्रभर द्यावा, भांडं घट्ट झाकून. उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तुमची सगळी मेहनत उलटी फिरवतो.

हे पाणी आता खरंच धोकादायक आहे. राखेच्या पाण्यानं हात कोरडे पडतात, या पाण्यानं कातडी सोलवटते, आणि डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते. बंद चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, खिडकी उघडी, मुलं आणि मांजर बाहेर. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. व्हिनेगर किंवा लिंबू चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर तेवढाच वेळ सतत पाणी मारत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं, कारण दिसायला ते साध्या पाण्यासारखंच असतं.

जोर कसा ओळखायचा

जुनी खूण अंड्याची. अंडं पाण्यात सोडायचं, रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर राहिला की पाणी तयार. घरात अंडं चालत नसेल तर बटाटा. ही खूण पाण्याची घनता सांगते, बाकी काही नाही. मिठाच्या दाट पाण्यातही अंडं तसंच तरंगतं. म्हणजे पाण्यात पुष्कळ काहीतरी विरघळलं आहे एवढंच कळतं, ते कार्बोनेट आहे की कॉस्टिक हे कळत नाही. ज्यांचं अंडं तरंगूनही साबण झाला नाही, त्यांचं इथेच चुकलेलं असतं. पिसाची खूण त्यापेक्षा खरी. गरम, तिखट पाण्यात पीस विरघळत जातं, नुसत्या कार्बोनेटमध्ये जवळजवळ तसंच राहतं. गॅलरीत कबुतरं पिसांचा पुरवठा करतातच.

त्याहून चांगली परीक्षा स्वयंपाकघरातच आहे. अगदी नितळ, गार पाणी दोन चमचे घ्यायचं आणि त्यात पांढरं व्हिनेगर घालत जायचं, सढळ हातानं. बुडबुडे आले तर कार्बोनेट शिल्लक आहे, चुना आणखी हवा. सुरुवातीला बुडबुडे येत नाहीत म्हणून लगेच थांबायचं नाही, पाणी आंबट होईपर्यंत घालायचं. आणि पाणी नितळच हवं, त्यात गाळाचा कण असला तर तो खडूच असल्यामुळे फसफसणार.

बुडबुडे येईनासे झाले की पाण्यात कॉस्टिक किती आहे ते मोजता येतं, हळदीच्या मदतीनं. हळदीत चुना पडला की लाल रंग येतो, कुंकू पूर्वी असंच करत. दहा मिली क्षारपाणी अर्धी वाटी साध्या पाण्यात मिसळा, चिमूटभर हळद टाका, ते लाल-तपकिरी होईल. आता मोठ्या सिरिंजनं व्हिनेगर मिली-मिली घालत ढवळा. लाल जाऊन पुन्हा पिवळं झालं की थांबा. चार टक्क्यांचं व्हिनेगर असेल (बाटलीवर छापलेलं असतं) तर त्याचा प्रत्येक मिली सुमारे ०.०३७ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश संपवतो. समजा तीस मिली लागलं. तर दहा मिली पाण्यात १.१ ग्रॅम, म्हणजे शंभर मिलीत अकरा ग्रॅम. शाळेतल्या प्रयोगशाळेत ब्युरेट लावून करायचो तेच हे. साबणाचं गणित या आकड्याशिवाय नुसता अंदाज आहे, आणि अंदाजानं केलेला साबण मी तरी कोणाला अंगाला लावायला देणार नाही.

तेलाचा हिशोब

प्रत्येक तेलाला क्षार वेगळा लागतो. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे साडेपंचवीस ग्रॅम कॉस्टिक पोटॅश, शेंगदाणा, तीळ किंवा सोयाबीन तेलाला एकोणीसच्या आसपास, मोहरीच्या तेलाला सतरा. यातून पाच टक्के क्षार कमीच धरायचा, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि साबण कातडीला बोचत नाही. वरच्या उदाहरणातल्या पाण्यानं शंभर ग्रॅम खोबरेलाचा साबण करायचा तर २१५ ते २२० मिली पाणी लागेल. किलोभर चांगल्या राखेतून सगळं नीट उतरलं तर तीनशे ग्रॅम खोबरेलाचा साबण, प्रत्यक्षात त्याहून कमीच.

माळव्यात सोयाबीनचं तेल स्वस्त, म्हणून हात तिकडे जातो. त्याचा साबण होतो, पण लिबलिबीत राहतो आणि लवकर खवट वास धरतो. झाबुआ-आलीराजपूरकडून मोहाच्या बियांचं तेल मिळालं तर जरूर घ्या. थंडीत तूप गोठावं तसं ते गोठतं, त्याचा साबण दाट होतो. थोडं खोबरेल घातलं की फेसही चांगला येतो.

तेल कोमट करून त्यात क्षारपाणी हळूहळू घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी पांढुरकं, मग कस्टर्डसारखं, मग पारदर्शक व्हॅसलिनसारखं होत जातं. काही तास लागतात, आटलं तर थोडं पाणी घालायचं. चिमूटभर लगदा गरम पाण्यात विरघळवून बघायचा. वर तेलाचे थेंब तरंगले नाहीत तर झालं. इथे हळदीची परीक्षा चालत नाही, कारण साबण मुळातच अल्कधर्मी असतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो त्यामुळेच. पीएच पट्टी, म्हणजे क्षाराचा जोर रंगावरून दाखवणारी कागदाची पट्टी, वापरा. नऊ-दहाच्या दरम्यान असेल तर ठीक, त्यापुढे गेली तर अजून शिजवा किंवा थोडं तेल घाला.

हाती येतो तो मऊ, मधासारख्या रंगाचा लगदा, वडी नाही. पोटॅशियमचा साबण असाच असतो. बाजारातली कडक वडी सोडियमची. समुद्रकाठच्या खाऱ्या वनस्पतींच्या राखेत सोडियम असतं, म्हणून भूमध्य समुद्राच्या काठाला कडक साबण पूर्वापार होत आला. आपण समुद्रापासून दूर, आपल्या लाकडात पोटॅशियमच. तरी कडक हवाच असेल तर उकळत्या लगद्यात मिठाचं दाट पाणी घालतात. मिठातलं सोडियम साबणात शिरतं आणि साबण फुटून वर येतो, खाली पाणी आणि ग्लिसरीन राहतं. खोबरेलाच्या साबणाला मात्र हे सहजी लागू पडत नाही, तो मिठाच्या पाण्यातही विरघळून राहतो. खलाशी समुद्राच्या पाण्यात अंघोळीला खोबरेलाचा साबण वापरत ते उगाच नाही.

एवढं सगळं करून हा साबण वापरायचा कुठे? माझ्या मते भांड्यांना, फरशीला, पायपुसण्यांना उत्तम. अंघोळीचा साबण करायचा असेल तर बाजारातला शुद्ध कॉस्टिक सोडा, ग्रॅमचा काटा आणि तेलांचा तक्ता घेऊन करावा. राखेत पोटॅशियमबरोबर सल्फेट-क्लोराइडही उतरतं आणि प्रत्येक राख वेगळी, त्यामुळे एकसारखा साबण होत नाही. क्षारपाणी आटवताना आधी तळाशी जे दाणेदार खडे बसतात ते बहुधा पोटॅशियम सल्फेटचे असतात, ते काढून टाकलेले बरे.

उरलेली धुतलेली राख आणि चुन्याचा गाळ लोक कुंड्यांत टाकतात. आंबट, तांबड्या मातीला तो चालतो. आपली माळव्याची काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात हा गाळ पडला की पानं पिवळी पडू लागतात, कारण लोह मुळांना उचलता येत नाही. त्यापेक्षा गाळ नीट वाळवून पुडीत बांधावा आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की सुक्या कचऱ्याबरोबर द्यावा. राहिलेलं पातळ क्षारपाणी भरपूर पाणी ओतून मोरीत सोडलं तरी चालतं, तुंबलेली मोरी मोकळी होण्याची शक्यता जास्त.